पीठ घरचे, भट्टी परक्याची

मागच्या दिवाळीनंतर चार दिवसांनी माझ्या पुतणीचा मिनियापोलिसहून फोन आला. तिथल्या मराठी मंडळींनी एकत्र दिवाळी करायची ठरवली होती, आणि प्रत्येकाने एकेक जिन्नस घरी करून न्यायचा होता. तिच्या वाट्याला नानकटाई आली. नोकरी सांभाळून साठ माणसांसाठी गोळे वळत बसायला तिला सवड कुठली? तिने सरळ सगळे पीठ तेरा इंच लांब आणि नऊ इंच रुंद अशा तिकडच्या पसरट भांड्यात थापले, ओव्हनमध्ये भाजले आणि गरम आहे तोवर सुरीने त्याच्या वड्या पाडल्या. त्या मुलखात अशा भाजून कापलेल्या गोड वड्यांना ‘बार’ म्हणतात. चर्चमधली पंगत असो, शाळेचा समारंभ असो, नाही तर शेजारच्या घरी दुखवटा असो, तिथली बाई एक भांडेभर बार भाजते आणि झाकून घेऊन जाते. करायला सोपे, न्यायला सोपे आणि वाटायलाही सोपे.

“काका, भांडं अर्ध्या तासात रिकामं झालं,” ती म्हणाली, “पण तिथे एक आजी होत्या. त्यांनी एक वडी खाल्ली, दुसरी घेतली, आणि मग म्हणाल्या, ‘छान झालंय, पण ही नानकटाई नव्हे.’ आता तुम्हीच सांगा, ही नानकटाई की नव्हे?”

मी उमेदीची सगळी वर्षे इतिहास शिकवण्यात घालवली. तह, लढाया, सनावळ्या यांबद्दल विचारले असते तर तोंडावर उत्तर दिले असते. नानकटाईबद्दल मला कोणी कधी विचारले नव्हते. “लिहून कळवतो,” असे म्हणून मी फोन ठेवला. ते पत्र लिहायला बसलो आणि ते इतके लांबले की आता ते तिच्या एकटीच्या कामाचे राहिले नाही.

सुरुवात १९५५ सालापासून करतो, कारण ती दिवाळी मला स्वच्छ आठवते. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. पुण्यात आमच्या पेठेच्या टोकाशी एका इराण्याची भट्टी होती. वसुबारसेच्या आधीचे आठ दिवस त्या भट्टीपुढे जी गर्दी होई, तिच्यात पाव विकत घेणारे थोडे आणि पिठाच्या पराती डोक्यावर घेतलेले पुष्कळ. घरोघरी चुली होत्या, शेगड्या होत्या, बंब होता. पण खालून-वरून सारखी आच देईल असे काही कोणाकडे नव्हते. लाडू, चकल्या, करंज्या, चिवडा, अनारसे हे सारे कढईत होणारे. फराळाच्या ताटात एकच जिन्नस असा की जो घरातून कच्चा बाहेर जाई आणि परक्याच्या विस्तवावर शिजून परत येई.

त्याची तयारी आमची आजी करी. पहाटे, गारवा असताना, पितळी परातीत साजूक तूप घेऊन ती तळहाताने फेसायला बसे. उन्हे वर आली की तूप पातळ होते आणि फेस धरत नाही, म्हणून ही पहाटेची वेळ. पिवळसर तूप हळूहळू पांढरे होई, फुगे, हलके होई. मग जात्यावर दळून वस्त्रगाळ केलेली साखर, पुन्हा फेसणे. मग मैदा, त्यात मूठभर बारीक रवा, चिमूटभर खायचा सोडा, जायफळ, वेलदोडा. तूप एक वाटी, साखर एक वाटी, मैदा दोन वाट्या. पीठ गोळा होईनासे दिसले तर आणखी चमचाभर तूप. पाणी नाही, दूधही नाही. आई त्याचे चपटे गोळे करी, प्रत्येकावर अंगठ्याने दाबून एकच चारोळी बसवी. ती चारोळी शोभेची नव्हे, आमच्या घरची खूण होती. भट्टीवाल्याच्या काळ्या पत्र्यांवर वीस घरांच्या नानकटाया एकदम आत जात. कागदाची चिठ्ठी जळून गेली असती. म्हणून कोणाचे तीन चारोळ्यांचे त्रिकूट, कोणाचा बदामाचा काप, कोणाचे काट्याचे ओरखडे. आमची एक चारोळी.

परात घेऊन जायचे ते दुपारी. पावाची भट्टी रात्री पेटे आणि पहाटे ऐन भरात असे. त्या धगीत नानकटाई घातली तर वरून करपते आणि आत कच्ची राहते. भट्टी फार निवली तर मैदा धरायच्या आत तूप वितळते आणि गोळा पसरून पोळी होते. पाव निघून गेल्यावर विटा तापलेल्या आहेत, पण जाळ नाही, अशी जी मधली वेळ असते ती नानकटाईची. भट्टीवर लोखंडी काट्याचे यंत्र नव्हते. लांब दांड्याचे फळे चालवणारा माणूस तोंडाशी हात धरी, मनात काही मोजी आणि म्हणे, “अजून नाही.” आम्ही पोरे ओट्यावर वाट पाहत बसू. भाजणावळ शेराला दोन आणे होती.

एका वर्षी पत्र्यांची अदलाबदल झाली आणि आमच्याकडे तीन चारोळ्यांचा डबा आला. आईने एक खाल्ली, जीभ टाळूला लावून पाहिली, आणि काही बोलली नाही. टाळूला मेणासारखा थर राहत होता. तीन चारोळ्यांची खूण ज्या घरची, त्या घरच्या बाई तर “आमच्याकडे साजुकाशिवाय काही होत नाही” असे चारचौघींत सांगत. डालडा बाजारात आला १९३७ साली. लढाईच्या काळात तूप मिळेनासे झाले, १९४३ पासून मुंबईत धान्य-साखर रेशनच्या कार्डावर आली, आणि त्या टंचाईत तो किती घरांत शिरला ते भट्टीला ठाऊक होते. डबे गुपचूप बदलले गेले. आमची नानकटाई त्यांच्याकडून परत आली तेव्हा चार कमी होत्या. त्याबद्दलही कोणी काही बोलले नाही.

आता मूळ गोष्ट. ही नानकटाई जी फेसत असे, ती आमची आजी स्वतः नानकटाई खात नसे. ती सोवळी होती. भट्टीचे तिला चालत नसे. डबा घरी आला की तो स्वयंपाकघरात जात नसे, माजघरातल्या फडताळात बसे. देवाच्या नैवेद्याच्या ताटात लाडू-करंजी असे, नानकटाई नसे. मी एकदा विचारले, “आजी, पीठ तर तूच केलंस ना?” ती म्हणाली, “पीठ माझं, आग त्याची.” मग आम्हांला कशी चालते? “पाण्याचा थेंब नाही तिच्यात. पोरांना चालेल.”

आठ वर्षांच्या मुलाला हे उत्तर पुरेसे होते. या उत्तराच्या मागे किती मोठा इतिहास दडलेला आहे ते मला कळायला पुढची वीस वर्षे लागली.

भट्टी ही चीज आपल्याकडच्या सनातनी घराला निव्वळ परकी नव्हती, ती बाटवणारी होती. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांचा. (पायाने मळतात म्हणून पाव, असे आजी ठामपणे सांगे, पुष्कळ सुशिक्षितही सांगतात. ते खरे नाही.) गोव्यात त्यांनी पाव आणला, आणि तो फुगवायला माडाची ताडी वापरात आली. म्हणजे एका पावात भाजणारा परधर्मी, आंबवण ताडीचे आणि कणीक मळलेले पाणी त्याच्या हातचे, असे तिन्ही दोष एकत्र. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यालेले सगळे गाव बाटले, ही कथा कोकणपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती कितपत घडली हा वेगळा प्रश्न. पण ती लोकांना खरी वाटत होती, आणि इतिहासात तेही एक सत्यच असते.

पाव खाणे म्हणजे धर्म सोडणे, असे समीकरण इतके पक्के होते की ज्यांना जातिभेद मोडायचा होता त्यांनी नेमके तेच हत्यार उचलले. मुंबईत १८४९ साली परमहंस सभा निघाली. तिच्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. सभा गुप्त होती. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावे फुटणार अशी धास्ती पसरली आणि सभा विस्कटली. एका घासाने माणूस सुधारक होत होता आणि त्याच घासाच्या भीतीने सुधारणा मोडत होती.

त्यानंतर तीस वर्षांनी, १८९० च्या ऑक्टोबरात, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव यांनी शहरातल्या प्रतिष्ठितांना तिथे जमवले होते. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी कप नुसताच हातात धरला. थोड्याच दिवसांत गोपाळरावांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. हा माणूस मोठा विक्षिप्त; हे त्याने सुधारणेसाठी केले की सुधारकांची फजिती पाहण्यासाठी, यावर अजून एकमत नाही. मला दुसरे कारण जवळचे वाटते.

पुढचे ग्रामण्य दीड-दोन वर्षे चालले. शंकराचार्यांकडे फिर्याद गेली, चौकशीला शास्त्रीमंडळी बसली, शास्त्रार्थ झाले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली, मित्रांची घरे अडून राहू नयेत म्हणून, प्रायश्चित्त घेतले. रमाबाईंनी आपल्या आठवणींत हा प्रसंग सांगितला आहे. ‘अडून राहणे’ हा शब्द इथे नीट समजून घ्यावा. घरात श्राद्ध आहे आणि भटजी येत नाही. मुलगी माहेरपणाला येऊ शकत नाही. पंगतीला कोणी बसत नाही. एका बिस्किटाची ही किंमत होती. माझ्या आजीच्या सासऱ्यांनी ते दिवस पाहिले होते. आमच्याच कुळातल्या दोन घरांचे त्या वेळी जे जाणे-येणे तुटले, ते पुन्हा जुळायला एक पिढी गेली, असे आजी सांगे.

आणि आता हे पाहा. १८९० ते १९५५. पासष्ट वर्षे. त्याच शहरात, तशाच घरांतल्या बायका, डोक्यावर परात घेऊन इराण्याच्या भट्टीपुढे रांगेत उभ्या आहेत, आणि तेही दिवाळीच्या फराळासाठी! हे कोणत्या सभेत ठरले? कोणत्या शास्त्र्याने निर्णय दिला? मी कागदपत्रे पुष्कळ चाळली आहेत. अशा निर्णयाचा कागद नसतो. तो बायकांनी घेतला, आणि माझ्या मते तो त्यांनी हवेतून घेतला नाही. जुन्याच नियमांत एक फट होती, तिच्यातून त्या बाहेर पडल्या.

ती फट म्हणजे दशमी. आपल्याकडे प्रवासाला निघताना पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवून दशम्या करीत. पाण्यात भिजवलेली पोळी खरकट्यात मोडे, तिला जागेचे आणि स्पर्शाचे नियम लागत. दशमीला ते तितके लागत नसत. वाटेत, धर्मशाळेत, कोठेही ती खाता येई. विटाळ वाहतो तो पाण्यातून, हा त्यामागचा विचार. नानकटाईत तर दूधही नाही. तूप, साखर, कोरडे पीठ. तिन्ही घरची. मग परक्याकडून काय येते? केवळ अग्नी. आणि अग्नी बाटतो असे म्हणायला शास्त्र्यालाही जड जावे. आजीचे “पाण्याचा थेंब नाही तिच्यात” हे वाक्य म्हणजे एक संपूर्ण निर्णयपत्र होते. हा माझा तर्क आहे. पण नानकटाईच्या परातीत पावाच्या कणकेचा गोळा ठेवून भट्टीवर गेलेली एकही बाई मी पाहिली नाही.

गंमत अशी की धर्माने जे पाणी वर्ज्य केले, ते पाकशास्त्रालाही इथे नकोच असते. मैद्यात पाणी पडले की त्याचे चिवट जाळे विणले जाते. पाव त्या जाळ्यावरच फुगून उभा राहतो. नानकटाईत फेसलेले तूप मैद्याच्या कणाकणाला आधीच वेढून टाकते, जाळे विणलेच जात नाही, म्हणून ती तोंडात विरघळते. करंजीच्या पिठात मोहन घालतात तेही त्याचसाठी; तिथे पाणी मागून येते, इथे येतच नाही. स्कॉटलंडमध्ये शॉर्टब्रेड म्हणून बिस्किटाची जात आहे. साखर एक भाग, लोणी दोन, पीठ तीन. तिची चुलत बहीण म्हणावी इतकी ती नानकटाईसारखी. पण लोण्यात थोडे पाणी असते, तुपात नसते, आणि तो फरक दाताला कळतो.

नानकटाई आली कोठून, हेही पुतणीने विचारले होते. सुरतेची कथा प्रसिद्ध आहे. तिथे डचांची वखार होती, त्यांच्यासाठी पाव भाजणारी भट्टी होती. १८२४ च्या तहानंतर डच सुरत सोडून गेले आणि भट्टी फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशाकडे आली. गिऱ्हाईक कमी झाले, ताडीच्या पावाला हिंदू शिवेनात. तेव्हा उरला पाव वाळवून विकता विकता कोरड्या बिस्किटांकडे आणि मग नानकटाईकडे तो वळला, असे सांगतात. भट्टीपुरती ही कथा मला पटते. नावाचे मूळ मात्र याहून जुने असावे. ‘नान’ फारसी, म्हणजे भाकरी. ‘खता’ हे फारसीत उत्तर चीनचे नाव. अफगाणिस्तानातही याच नावाचा असाच जिन्नस आहे. डचांनी दिली असेल तर भट्टी दिली, नाव नव्हे. सुरतेहून ती मुंबईला आली, आणि मुंबईहून आपल्याकडे येताना तिच्या ‘ख’चा ‘क’ झाला.

पुढचे लवकर सांगतो, कारण ते सर्वांनी पाहिले आहे. भट्टीवर जायला नको म्हणून काही घरांत पातेल्यात वाळू तापवून आणि झाकणावर निखारे ठेवून नानकटाई होऊ लागली. मग झाकणाला काचेची खिडकी असलेला विजेचा गोल ओव्हन आला, आणि गल्लीत ज्यांच्याकडे तो असे त्यांच्या घरी दिवाळीत परातींची रांग लागू लागली. भट्टीवाल्याची जागा शेजारणीने घेतली. आमच्या आईने १९६८ साली तो घेतला. त्यानंतर आम्ही इराण्याकडे परात नेली नाही. आई दर पाडव्याला त्याच्याकडे चकल्या-लाडवांचे ताट पाठवत असे. तेही हळूहळू बंद पडले. ज्या माणसाचा पाव आजीच्या देखत आम्ही घरात आणू शकत नव्हतो, तो आमच्या घरचा फराळ पंधरा वर्षे खात आला होता, हे मला तेव्हा चमत्कारिक वाटले नाही. आता वाटते.

त्या भट्टीच्या जागी आज मोबाईलचे दुकान आहे. मुंबईत काही जुन्या भट्ट्या विसाव्या शतकानंतरही लाकडावर चालत राहिल्या. हवेतल्या धुरामुळे २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने त्यांना लाकूड-कोळसा सोडून स्वच्छ इंधनाकडे वळवण्याची निकड महापालिकेपुढे मांडली. धूर वाईटच, त्याबद्दल वाद नाही. मात्र पाव निघून गेल्यावर विटांत उरणारी ती दुपारची ऊब गॅसच्या भट्टीत असते का, हे मला कोणा भट्टीवाल्यालाच विचारायचे आहे.

राहिला पुतणीचा प्रश्न. गोल की चौकोनी, याला मी महत्त्व देत नाही. शॉर्टब्रेडही थापून, भाजून, बोटाएवढे तुकडे कापून करतातच. आणि थापून वड्या पाडणे हे तर आपल्याच घरचे, नारळाच्या नि आल्याच्या वड्या आपण दुसरे काय करतो? मी तिला उलट विचारले की पिठात पाणी, दूध, अंडे, काही घातलेस का. ती म्हणाली, “नाही काका, आईने सांगितलं तसंच. तूप मात्र यंत्राने फेसलं.” मग त्या आजींना काय खटकले असेल? मला वाटते, तडा. सुटा गोळा भाजताना वरून तडकतो. भांड्यात थापलेले पीठ चहूकडून दाबात असते, ते तसे तडकत नाही. तडा नसलेली नानकटाई आमच्या पिढीला ओळखू येत नाही.

पण आजीची परीक्षा तड्यावर थांबत नसे. डबा भट्टीवरून आला की ती एक नानकटाई पदराच्या टोकात धरून कानाजवळ नेई आणि मोडी. मोडतानाचा आवाज ऐकायची. ठणठणीत वाजली तर “तूप कमी पडलं”, मुळीच वाजली नाही तर “कच्ची आहे, परत पाठवा”. मऊ, बुजलेला असा एक ‘खुस्स’ झाला की दोन्ही तुकडे ती आम्हां दोघा भावंडांच्या हातांवर ठेवी आणि हात धुवायला न्हाणीघरात जाई. मी पुतणीला कळवले आहे की पुढच्या वेळी वड्या केल्यास की एक कानाशी धरून मोड, आणि कसा आवाज येतो ते फोनवर मला ऐकव.